सिरप पंपाचं मेकॅनिकल सील टिकेना – फेस बदलू, डबल सील घेऊ की मूळ दुखणं दुसरीकडंच आहे?

बॉयलिंगहाउस_धाराशिव

नमस्कार मंडळी. साखर कारखान्यात बॉयलिंग हाउसची देखभाल बघतो. इव्हॅपोरेटरच्या शेवटच्या बॉडीतून सिरप ओढणाऱ्या पंपाचं मेकॅनिकल सील, म्हणजे शाफ्टवरची गळती अडवणारी दोन घासत्या चकत्यांची (फेसची) जोडणी, आठ-पंधरा दिवसांच्या वर जाईना. नवीन बसवलं की सुरुवातीला एकदम कोरडं असतं, मग थेंब थेंब गळायलंय, आणि शेवटी धार लागली की पंप बदलावा लागतोय. गाळप ऐन भरात आहे, त्यामुळं सारखं उघडझाक करणं परवडणारं नाही.

पंपाची माहिती देतो. एंड सक्शन, बॅक पुल-आउट, बंद इम्पेलर, त्याला बॅलन्स होल (मागचा दाब सक्शनकडं सोडणारी छिद्रं) आहेत. मोटर ३० एचपी, १४५० आरपीएम. सीलच्या जागी स्लीव्ह (शाफ्टवर चढवलेलं नळकांडं) ४५ मिमी. सिरप ६० ते ६२ ब्रिक्स (वजनानं विरघळलेले घन टक्के, बहुतेक साखर), तापमान ५८–६० अंश. बॉडीत व्हॅक्यूम ६३० ते ६५० मिमी. डिलिव्हरी गेज ३ बारच्या आसपास.

सील सिंगल आहे, आतल्या बाजूनं बसणारं, मल्टि-स्प्रिंग, अनबॅलन्स्ड. फिरता फेस कार्बन, सीट सिलिकॉन कार्बाइड, ओ-रिंगा व्हायटन रबराच्या. डिलिव्हरीवरून अर्ध्या इंची नळी सील चेंबरला फ्लश म्हणून, म्हणजे आत सिरप खेळतं ठेवायला, दिलेली आहे. क्वेंचला, म्हणजे फेसची हवेकडची बाजू धुवायला, बोअरचं पाणी आहे, कॉक थोडा उघडा असतो, पण ड्रेनमधून पाणी कधी येतंय, कधी येत नाही.

काढलेल्या सीलची अवस्था अशी: कार्बनवर गोल गोल चरे. सीटवर जो घासल्याचा पट्टा दिसतो तो कार्बनच्या नाकापेक्षा रुंद. फिरत्या भागाच्या आतल्या बाजूला स्लीव्हवर तपकिरी कडक थर, त्यावर पांढरट पापुद्रे. ओ-रिंग स्लीव्हला चिकटून बसलेली. स्प्रिंगा मात्र ठीक आहेत.

एकानं सांगितलं दोन्ही फेस हार्ड घ्या, दुसरा म्हणतो डबल सील घ्या, तिसरा म्हणतो परत ग्लँड पॅकिंग (शाफ्टभोवती ठासायची दोरी) घाला. जाणकारांनी सांगावं.

सीलवाला_वाळूज

भाऊ, काढलेलं सील इतकं नीट पाहिलंत हेच फार झालं. बहुतेक ठिकाणी जुनं सील भंगारात जातं आणि नवीन त्याच जागी, त्याच दुखण्यात बसतं. तुमच्या वर्णनात एक नाही, तीन वेगळी दुखणी दिसतात. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

पहिलं, तपकिरी थर. साखरेचं साधं गणित बघा. २० अंशाला संपृक्त द्रावणात वजनानं जवळपास ६७ टक्के साखर मावते, ६० अंशाला ७४ टक्के. म्हणजे ६२ ब्रिक्सचं सिरप पार थंड झालं तरी त्यात दाणा पडायला नको. तुमच्याकडं दाणा पडतोय तो थंड झाल्यामुळं नाही, पाणी उडून गेल्यामुळं. दोन फेसमधून एक मायक्रॉनच्या आसपासची फिल्म बाहेरच्या, म्हणजे हवेच्या बाजूला सरकत असते. ती तिथं पोचली की पाणी उडतं आणि साखर मागं राहते. म्हणून सील गरम ठेवायच्या खटपटीत पडू नका. हवेची बाजू सतत ओली राहिली पाहिजे, म्हणजेच क्वेंच. तुमचं क्वेंच नावापुरतं चालू आहे.

तो थर नेमकं काय करतो तेही सांगतो. कार्बन झिजला की स्प्रिंग फिरता फेस पुढं ढकलते, आणि त्याबरोबर ओ-रिंगला स्लीव्हवर केसभर पुढं सरकावं लागतं. पुढं साखरेचा कडक कठडा असला तर ओ-रिंग तिथंच अडते. स्प्रिंग ठीक, फेस ठीक, तरी फेस मिटत नाहीत. सुरुवातीला कोरडं आणि नंतर हळूहळू वाढत जाणारी गळती, हे याचं ठरलेलं लक्षण. चरे पडलेत ते फेसमध्ये शिरलेल्या दाण्यांमुळं.

दुसरं, पांढरट पापुद्रे. तो साखरेचा नाही, बोअरच्या पाण्याचा क्षार असण्याची शक्यता जास्त. चिमूटभर खरवडून गरम पाण्यात टाका. विरघळलं तर साखर. नाही विरघळलं आणि पातळ ॲसिडचा थेंब टाकल्यावर फसफसलं, तर कॅल्शियम कार्बोनेट. आपल्याकडं बेसॉल्टातलं बोअरचं पाणी जड असतं. फेसजवळच्या उष्णतेला ते क्षार सोडणारच. कारखान्यात कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं पाणी) मुबलक असतं, ऊस मुळात ७० टक्के पाणीच आहे. त्यातली एक लाइन क्वेंचला द्या. ६०–७० अंशाचं कंडेन्सेट उत्तम, साखर लवकर धुऊन निघते.

क्वेंच किती द्यायचं? मिनिटाला एक ते दोन लिटर, दाब ०.२ ते ०.३ बार. त्यापेक्षा जास्त दाब दिला तर पाणी शाफ्टवरून मागं बेअरिंग हाउसिंगकडं जातं आणि तेल दुधाळ होतं. पाणी वरच्या छिद्रातून आत, खालच्या छिद्रातून बाहेर. बाहेरची नळी आत येणाऱ्या नळीपेक्षा एक साइज मोठी आणि नजरेसमोर, फनेलमध्ये सोडलेली. बंद पाइपनं गटारीत सोडली की ती तुंबलेली कळतच नाही. ग्लँड प्लेटवर फ्लश, क्वेंच आणि ड्रेनची खूण असते ती एकदा तपासा. नळ्या उलटसुलट जोडलेल्या असणं दुर्मीळ नाही. शिवाय ग्लँड प्लेटच्या बाहेरच्या तोंडाला लिप सील किंवा बुश असला पाहिजे, नाहीतर पाणी फेसपर्यंत न जाता शाफ्टवरूनच गळून जाईल.

तिसरं दुखणं, रुंद पट्टा. तो मेकॅनिकल आहे, क्वेंचनं सुटणार नाही. शाफ्ट फिरताना बाजूला हलतोय. वाकलेला शाफ्ट, स्लीव्ह, बेअरिंग, अलाइनमेंट, पाइपचा ताण आणि कॅव्हिटेशन (पंपात वाफेचे बुडबुडे होऊन फुटणं) हे सगळे संशयित.

आणखी एक. इम्पेलरला बॅलन्स होल आहेत, सक्शनला एवढा व्हॅक्यूम आहे. सील चेंबरमध्ये दाब आहे की व्हॅक्यूम, ते माहीत आहे का? फ्लशच्या नळीला चेंबरजवळ टी टाकून कंपाउंड गेज (दाब आणि व्हॅक्यूम दोन्ही दाखवणारं) लावा. व्हॅक्यूम दाखवत असेल तर हवा फेसमधून आत ओढली जातेय. मग फेस वंगणाविनाच चालतात आणि सिरप आतल्या आत वाळतं.

डायल_गेज

वाळूजवाल्या दादांचं निदान पटतं. रुंद पट्ट्यावर मी लिहितो, कारण फिटर मंडळी इथंच घाई करतात. सील उतरवलंच आहे तर मॅग्नेटिक बेसवर डायल लावून पुढचं मोजाच:

– स्लीव्ह बसवून सीलच्या जागी रनआउट (फिरताना बाजूला हलणं): डायलची एकूण हालचाल ०.०५ मिमीच्या आत.
– शाफ्ट हातानं पुढं-मागं ढकलून एंड प्ले: ०.१० च्या आत, शक्यतो ०.०५.
– शाफ्ट वर उचलून: ०.०८ पेक्षा जास्त हलला तर बेअरिंग किंवा त्याची बैठक गेली.
– डायल शाफ्टला बांधून स्टफिंग बॉक्सच्या (सील चेंबरच्या) तोंडावर फिरवा: ०.०५ च्या आत. तोंड तिरकं असेल तर सीट तिरकी बसते आणि ओ-रिंगला प्रत्येक फेऱ्याला पुढं-मागं व्हावं लागतं. १४५० आरपीएमला हे दिवसाला जवळपास २१ लाख वेळा होतं. त्यानं स्लीव्हवर ओ-रिंगखाली खाच पडते.
– पाइपचा ताण: कपलिंगवर डायल लावून ठेवा आणि सक्शन फ्लँजचे बोल्ट सैल करा. काटा ०.०५ च्या वर हलला तर पाइप पंपाला ओढतोय.
– सॉफ्ट फूट: पायाचा एकेक बोल्ट सैल करा, पाय ०.०५ पेक्षा जास्त उचलला तर शिम (पातळ पत्रा) घाला. उरलेले बोल्ट घट्टच राहू द्या.

हे सगळं झाल्यावर कपलिंग. १४५० ला ऑफसेट ०.०५ मिमी, कोन दर १०० मिमीला ०.०५. पट्टी धरून केलेलं अलाइनमेंट सीलच्या कामाचं नाही. लवचिक कपलिंग आहे म्हणून चालतंय, असं बऱ्याच जणांना वाटतं. कपलिंग चालतं, पण त्याचा मार सील आणि बेअरिंग खातं.

स्लीव्ह कुठून घेता? लेथवर बनवून घेत असाल तर तिचं आतलं भोक आणि बाहेरचा व्यास एकाच सेटिंगमध्ये काढलाय का विचारा. बाहेरचा फिनिश ०.८ मायक्रॉन आरए किंवा त्याहून गुळगुळीत लागतो.

बॉयलिंगहाउस_धाराशिव

दादा, पंप स्टँडबायवर घेऊन सगळं मोजलं. आकडे देतो.

स्लीव्ह बसवून रनआउट ०.१२. स्लीव्ह काढून नुसता शाफ्ट ०.०३. एंड प्ले ०.०४. वर उचलून ०.०५. बॉक्सचं तोंड ०.०३. सक्शन फ्लँज सैल केला तर काटा ०.३० हलला! स्लीव्ह बाहेरच्या लेथवर बनवलेली आहे. सक्शनचा एल्बो मागच्या ऑफ सीझनला बदललेला आहे.

दुसऱ्या पंपावर कंपाउंड गेज लावलं. चालू असताना १५० ते २०० मिमी व्हॅक्यूम दाखवायलंय, अधूनमधून शून्यावर येतंय. फ्लशची नळी हाताला कोमट लागते, डिलिव्हरी पाइप चांगला गरम आहे. पापुद्रा गरम पाण्यात विरघळला नाही, ॲसिडमध्ये फसफसला.

आता पुढं काय करू? आणि सील बसवताना नेमकी लांबी कशी धरायची तेही कुणी सांगा. आमच्याकडं अंदाजानंच बसवतात.

सीलवाला_वाळूज

आकडे आले, आता वाद राहिला नाही.

फ्लशची नळी कोमट म्हणजे त्यातून सिरप वाहतच नाही, ती आत भरून जाड झालीय. सुटी करून गरम पाण्यानं साफ करा. त्यात ओरिफिस असेल तर ३ मिमीपेक्षा बारीक नको. टॅपिंग डिलिव्हरी पाइपच्या बुडातून घेतलं असेल तर बाजूला घ्या, बुडात गाळ आणि स्केलचे तुकडे येतात. शेवटी स्टफिंग बॉक्सच्या तळातला थ्रोट बुश (शाफ्टभोवती अरुंद फट राखणारी कडी) तपासा. तो झिजून सैल झाला असेल तर फ्लशनं दिलेला दाब इम्पेलरमागून बॅलन्स होलवाटे सक्शनला पळून जातो आणि चेंबर व्हॅक्यूममध्येच राहतं. बुश बदलून फ्लश मोकळा झाल्यावर गेजवर अर्धा ते एक बार तरी दाब दिसला पाहिजे. तो दिसेपर्यंत नवीन सील घालू नका.

गेज मधूनच शून्यावर येतंय याचा अर्थ पंपाला सिरप अखंड मिळत नाही. शेवटच्या बॉडीत सिरप उकळत्या अवस्थेतच असतं. त्यामुळं पंपाला सक्शनवर मिळतो तो फक्त बॉडीतल्या पातळीचा उभा फरक, त्यातून पाइपचं घर्षण वजा. सक्शनचा गाळणा अर्धा तुंबला तरी कॅव्हिटेशन सुरू होतं. पंपाच्या केसिंगवरून बॉडीच्या वाफेच्या जागेत जाणारी व्हेंट लाइन असते. तिचा व्हॉल्व्ह उघडा आहे का, आणि ती मोकळी आहे का, ते पाहा. ती बंद असली तर पंपात अडकलेली वाफ आणि हवा निघत नाही.

फेसबद्दल. दोन्ही सिलिकॉन कार्बाइड घेतले तर दाण्याला टिकतील, पण कोरडं चालणं ते कार्बनइतकं सहन करत नाहीत. आजच्या स्थितीत, चेंबर व्हॅक्यूममध्ये असताना, हार्ड-हार्ड घातलं तर कार्बनपेक्षा लवकर तडकेल. आधी फ्लश आणि क्वेंच, मग हार्ड फेस.

ओ-रिंग. साध्या सिरपला व्हायटन चालतं. पण इव्हॅपोरेटर कॉस्टिकनं उकळताना तेच द्रावण या पंपातून फिरवत असाल, तर गरम कॉस्टिक व्हायटनला मानवत नाही. ईपीडीएम घ्या. एक पथ्य मात्र पाळा: ईपीडीएमला ग्रीस किंवा तेल अजिबात लावायचं नाही, फुगते. साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस वापरा.

डायल_गेज

लांबीचं मी सांगतो.

सीलच्या ड्रॉइंगवर वर्किंग लेंग्थ दिलेली असते. समजा कॉलरच्या पाठीपासून फिरत्या फेसपर्यंत ती ३८ मिमी आहे. आता सीट ग्लँड प्लेटमध्ये बसवून प्लेटच्या तोंडापासून सीटचा फेस किती पुढं येतो ते व्हर्निअरनं मोजा, समजा ७ मिमी. ग्लँडचं गॅस्केट दाबल्यावर १ मिमी उरतं. म्हणजे सीटचा फेस स्टफिंग बॉक्सच्या तोंडापासून ७ वजा १, म्हणजे ६ मिमी आत येईल. त्यात ३८ मिळवा. कॉलरची पाठ तोंडापासून ४४ मिमी आत हवी.

बॉक्सच्या तोंडाच्या सरळ रेषेत स्लीव्हवर निळा रंग लावून बारीक रेघ मारा, मग पंप सोडवून त्या रेघेपासून ४४ मिमीवर कॉलर बसवा. रेघ ओ-रिंग जिथून सरकणार तिथं मारायची नाही, अणकुचीदार स्क्राइबरनं तर नाहीच. मोजणी करताना इम्पेलर नट पूर्ण आवळलेला आणि शाफ्ट त्याच्या खऱ्या जागी असला पाहिजे. नट नंतर आवळला की स्लीव्ह सरकते आणि सगळं गणित हुकतं. लांबी कमी पडली, म्हणजे सील जास्त दाबलं गेलं, तर फेस तापतो, कार्बन भरभर झिजतो. जास्त झाली तर स्प्रिंगचा दाब अपुरा पडतो आणि चेंबर व्हॅक्यूममध्ये गेलं की फेस उघडतात.

बसवण्याचा क्रम:

स्लीव्ह साफ, पुढची कड ३० अंशात साधारण २ मिमी चॅम्फर, कुठंही बर (धातूची धारदार कड) नाही. चावीचा गाळा किंवा आटे असतील तिथं पातळ टेप गुंडाळा, ओ-रिंग तिथूनच कापली जाते. सीट हातानं किंवा लाकडी ठोकळ्यानं सरळ दाबायची, मागची अँटी-रोटेशन पिन तिच्या खाचेत आलीय का बघायचं. पिन खाचेबाहेर राहून सीट आवळली तर ती तिरकी बसते, किंवा तडकतेच. सिलिकॉन कार्बाइड तडकायला हातोडीचा एक हलका टोला पुरतो.

दोन्ही फेस आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा ॲसिटोननं, धागे न सुटणाऱ्या कापडानं पुसा. त्यानंतर बोट लावायचं नाही. फेसवर ग्रीस नको. हे फेस हीलियम लाइटच्या दोन-तीन बँडमध्ये सपाट असतात, एक बँड म्हणजे ०.२९ मायक्रॉन. त्यावर बोटाचा घाम आणि ग्रीसमधली धूळसुद्धा मोठी होते. काचेवर पॉलिश पेपर ठेवून जुना कार्बन घासायची पद्धत याच कारणानं सोडून द्या. फेस चमकतो, सपाट होत नाही. लॅपिंग करायचं तर लॅपिंग प्लेटवर, आणि नंतर ऑप्टिकल फ्लॅटखाली तपासून घेऊनच.

कॉलरचे ग्रब स्क्रू थोडे थोडे करत आळीपाळीनं आवळा. ग्लँडचे नट समोरासमोर, पाव-पाव फेऱ्यानं. फिलर गेजनं चार ठिकाणी प्लेट आणि बॉक्समधली फट मोजा, फरक ०.०५ च्या आत. जीव खाऊन आवळायचं काम नाही. प्लेट वाकली की सीट वाकते, आणि काढलेल्या सीटवर समोरासमोर दोन जागी गडद खुणा दिसतात. ग्लँडला गॅस्केट असताना गळतंय म्हणून वाढीव आवळणं हा तर सील मारायचा सर्वांत झटपट मार्ग आहे.

शाफ्ट हातानं फिरवा. एकसारखा जड लागला तर ठीक, एका जागी अडला तर परत उघडा.

तुमच्या बाबतीत दोन कामं मात्र सीलच्या आधी. स्लीव्ह नवीन, ०.०३ च्या आसपासची, कारण नुसता शाफ्ट ०.०३ आहे आणि स्लीव्हनं ते ०.१२ केलंय. आणि सक्शन पाइप कापून परत जुळवा. फ्लँजचे बोल्ट हातानं आरपार गेले पाहिजेत, पारईनं ओढून नाही. मग पाइपला स्वतःचा आधार द्या, पंपाच्या तोंडावर त्याचं वजन नको.

पॅन_बॉयलर_बीड

दुरुस्ती ठीक आहे, पण व्हॅक्यूमवरच्या सिरप पंपाला सरळ डबल सील आणि बॅरियर पाणी लावावं असं माझं मत. क्वेंच बंद पडलं तर सिंगल सीलला दुसरा आधार नाही. डबलमध्ये आतली जोडी सिलिकॉन कार्बाइडची, बाहेरची कार्बनची. मध्ये कंडेन्सेट, एका लहान पॉटमधून, चेंबरच्या दाबापेक्षा किमान १.४ बार जास्त ठेवलेलं. चेंबर १ बारवर असेल तर पॉट २.५ वर. मग फेसमध्ये सिरप येतच नाही, स्वच्छ पाणी येतं. पॉटच्या काचेवर पातळी किती उतरते त्यावरून सीलची तब्येत रोज कळते. गळालंच तर आत सिरपमध्ये पाणी जातं, ते निरुपद्रवी आहे.

बाहेरून पाणी थेट चेंबरमध्ये फ्लश म्हणून सोडायचा सल्ला कुणी दिला तर आधी हिशेब करा. मिनिटाला २ लिटर म्हणजे दिवसाला २,८८० लिटर पाणी सिरपमध्ये. ते सगळं पॅनवर परत उडवायचं, सिंगल इफेक्टमध्ये, म्हणजे जवळपास तेवढ्याच वजनाची वाफ. दिवसाला तीन टनांच्या घरात. क्वेंचचं पाणी सिरपमध्ये जात नाही, म्हणून ते स्वस्त पडतं.

सीलवाला_वाळूज

@पॅन_बॉयलर_बीड डबल सीलला विरोध नाही, हिशेबही बरोबर. पण आज ०.१२ रनआउट आणि ०.३० पाइप ताणावर डबल कार्ट्रिज (आधीच जुळवून एकसंध येणारं सील) बसवलं तर एकाऐवजी दोन जोड्या फेस जातील आणि बिल काही पटींत येईल. या हंगामात सिंगल सील, नीट क्वेंच, मोकळा फ्लश. ऑफ सीझनला कार्ट्रिज डबल घ्यायचं असेल तर जरूर घ्या. त्यात लांबी मोजायची कटकट नाही, ती क्लिपांनी आधीच धरलेली असते. क्रम तेवढा पाळावा: आधी ग्लँडचे बोल्ट, मग पंपाची पूर्ण जुळणी आणि अलाइनमेंट, मग कॉलरचे सेट स्क्रू, आणि सर्वांत शेवटी क्लिपा काढायच्या. क्लिपा पंपालाच तारेनं बांधून ठेवा, पुढच्या वेळी काढताना त्याच लागतात.

ग्लँड पॅकिंगबद्दल विचारलं होतं. मोलॅसिसच्या मंद पंपाला ते अजूनही चांगलं. इथं नको. व्हॅक्यूमवर पॅकिंगमधून हवा ओढली जाते, पंप प्राइम सोडतो, आणि ती थांबवायला लँटर्न रिंगमध्ये (पॅकिंगमधल्या छिद्रांच्या कडीत) पाणी द्यावं लागतं, जे पुन्हा सिरपमध्येच जातं.

आणि बॉडी रिकामी होऊन पंप कोरडा पळू नये म्हणून मोटरला अंडरलोड ट्रिप लावा. डिलिव्हरी व्हॉल्व्ह जवळपास बंद असताना किती अँपिअर येतो ते बघा. सेटिंग त्याच्या किंचित खाली, ५ ते १० सेकंदांच्या डिलेनं.

बॉयलिंगहाउस_धाराशिव

सगळ्यांचे मनापासून आभार. स्लीव्ह करायला टाकली, पाइप उद्या शटडाउनमध्ये कापतोत. कंडेन्सेटची लाइन ओढायला सांगितलंय. शेवटचं एक: सुरू-बंद करताना आणि हंगाम संपल्यावर काय काळजी घ्यायची? आमच्याकडं पंप मार्च-एप्रिलला बंद होतो तो थेट दिवाळीच्या पुढंमागं चालू होतो. पहिल्याच दिवशी दोन-तीन पंपांची सीलं जातात.

डायल_गेज

सुरू करताना आधी क्वेंच, मग केसिंग भरून व्हेंट, सील चेंबरमधली हवा फ्लश नळीचा नट सैल करून काढायची, मग मोटर. बंद करताना मोटर थांबल्यावरही क्वेंच अर्धा तास चालू ठेवा. थांबा जास्त वेळाचा असेल तर सिरप काढून गरम पाणी पंपातून फिरवा.

पहिल्या दिवशी सील जातात कारण दोन्ही फेस वाळलेल्या साखरेनं एकमेकांना चिकटलेले असतात. मोटरचा झटका बसला की कार्बनचा टवका निघतो किंवा ड्राइव्ह पिन तुटते. हंगाम संपला की ८० अंशाच्या आसपासचं पाणी अर्धा-पाऊण तास फिरवा, ड्रेनमधून येणारं पाणी चाखून गोड लागेनासं होईपर्यंत. ब्रिक्स मीटर असेल तर त्यावर शून्य. मग केसिंग पूर्ण रिकामं करून प्लग उघडे ठेवा. आठवड्यातून एकदा शाफ्ट हातानं एक-दोन फेरे, आणि दर वेळी थोड्या वेगळ्या जागी थांबवा, म्हणजे बेअरिंगलाही बरं. हंगामाआधी हातानं फिरत नसेल तर पाइप रेंच लावून जोर करू नका. गरम पाणी भरून वीस-तीस मिनिटं ठेवा, साखर असेल तर आपसूक सुटते.

गळती सुरू झाली की उघडण्याआधी ती केव्हा आणि कुठून येते हे पाच मिनिटं उभं राहून बघा. पंप चालू असो वा बंद, सारखीच गळते, तर ओ-रिंग, गॅस्केट किंवा तडकलेला फेस. चालू असतानाच गळते आणि थांबल्यावर बंद होते, तर कंपन किंवा तिरकेपणा. ग्लँडबाहेर काळी भुकटी साचली असेल तर फेस कोरडे चाललेत. आणि स्लीव्हच्या टोकाखालून, शाफ्टला लागून येत असेल तर सीलला हातही लावू नका, स्लीव्हचं गॅस्केट गेलंय.

पॅन_बॉयलर_बीड

स्पेअरमध्ये एक पूर्ण सील, दोन ओ-रिंग सेट, एक तपासलेली स्लीव्ह, एक थ्रोट बुश आणि ग्लँडची दोन गॅस्केटं ठेवा, म्हणजे रात्रपाळीला धावाधाव होत नाही. ओ-रिंगा उन्हापासून आणि वेल्डिंगच्या जागेपासून दूर, काळ्या पिशवीत, खिळ्याला न टांगता सपाट. ईपीडीएम आणि व्हायटन दोन्ही काळ्या दिसतात, पिशवीवर पेननं लिहून ठेवा.